ढगाकडे कान लावलेल्या बिराजदार मॅडम

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या लॅबमध्ये एक पाल बारा महिने चुकचुकते, असं पोरं म्हणायची. नवीन आलेली मुलं ती पाल शोधायची. ट्यूबलाइटच्या मागे, काचेच्या कपाटावर. मग जुन्यांपैकी कुणीतरी हसून सांगायचं, "कशाला शोधायलाव? ती बिराजदार मॅडमची पाल हाय. दिसत न्हाई, निस्ती बोलती."

ती चुकचुक एका लहानशा स्पीकरमधून यायची. त्याची वायर खिडकीतून बाहेर पडून पाइपाच्या आधारानं गच्चीवर गेली होती. गच्चीवर पत्र्याची पेटी, पेटीत ॲल्युमिनियमची नळी आणि नळीच्या आत मिठाच्या खड्यासारखा पारदर्शक स्फटिक. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं जुना झाला म्हणून तो बाजूला टाकला होता. मॅडम स्वतः गेल्या आणि तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन त्याला लातूरला घेऊन आल्या. डोळ्याला न दिसणारा एखादा जोरकस किरण त्या स्फटिकात शिरला की आत बारीकशी चमक होते आणि खाली लॅबमध्ये 'टक्' वाजतं. असे किरण मातीतून, भिंतींतून, आभाळातून थोडेफार येतच असतात. म्हणून पाल कधी गप्प बसायची नाही. मॅडमना मात्र एकाच ठिकाणचे किरण हवे होते. विजेच्या ढगातले.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचे. आमच्या विभागाची खोली लॅबला लागूनच. माझं माहेर भोकरचं, म्हणून मॅडमनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय भोकरवाल्या, चहा घेता का?" असं दारातूनच विचारायच्या. चहा यायचा, माझा संपायचा, त्यांचा तिथंच गार होऊन त्यावर साय धरायची. मग ती साय बोटानं बाजूला करून तो गार चहा त्या एका दमात पिऊन टाकायच्या.

एकदा मी विचारलं, "विजेत कसले हो किरण?"

"दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ना, तेच," त्या म्हणाल्या. "तिथल्या मशीनमध्ये काय करतात? इलेक्ट्रॉनला जोरात पळवतात आणि धातूवर आपटवतात. ढगात धातू न्हाई, पण पळवणारा जोर लई मोठा हाय. इलेक्ट्रॉन पळतो, हवेला धडकतो, त्यातून क्ष-किरण निघतात. त्याच्याहून जबर ते गॅमा किरण. आधी कुणाला खरं वाटत नव्हतं. आता जगात पुष्कळांनी मोजलेत."

"मग तुम्ही परत कशाला मोजायलाव?"

त्यांनी स्पीकरकडे बघितलं. "कधीकधी वीज पडायच्या आधीच ढग असा उजळतो. डोळ्याला काही दिसत न्हाई. वीज कडाडली की तो उजेड एकदम विझतो. मला तो आधीचा ऐकायचाय."

'आधीचा' हा शब्द त्या फार हळू बोलल्या.

अंगानं किडकिडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, केस ओढून बांधलेले. लग्न केलेलं नव्हतं. भाषा चाकूरकडची, आणि वर्गातही त्यांनी ती बदलली नाही. कुणी कौतुक केलं, कुणी वाईट बातमी आणली, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, तरी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "बघू. अजून एकदा येऊ दे." हे वाक्य त्यांच्या यंत्रावरून आलेलं होतं. आकडा वर गेला की आम्ही उड्या मारायचो आणि त्या मान हलवायच्या. पावसाळ्यात हे नेहमी व्हायचं. झड लागून पाऊस पडला की पालीची चुकचुक हळूहळू वाढायची, पाऊस थांबल्यावर तशीच हळूहळू उतरायची.

"हा ढग न्हाई," त्या म्हणायच्या. "जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर जातो. पाऊस त्याचा गाळ हवेतून धुऊन खाली आणतो. आपलीच माती वरून परत येऊन बोलायलीय."

विजेचा झटका वायरीत शिरून खोटा आवाज करतो, म्हणून त्यांनी पेटीत स्फटिक नसलेली दुसरी एक नळी ठेवली होती. तिला त्या आंधळी म्हणायच्या. आंधळी बोलली की सगळं खोटं. अशी कितीतरी वर्षं गेली.

आणि एक सवय. स्टाफरूममध्ये आम्ही बसलेलो असताना आभाळ गरजलं की मॅडम बोलता बोलता उठायच्या आणि निघून जायच्या. यंत्राकडे गेल्या असतील असंच आम्ही समजायचो. मीही तसंच समजत होते, नांदेडहून परत येतानाच्या त्या दिवसापर्यंत.

पेपर तपासायचं काम संपवून आम्ही दोघी एसटीनं लातूरला निघालो होतो. मे महिना होता. लोहा मागे पडलं आणि वावटळ उठली. पुढे रस्त्यावर एक बाभूळ आडवी पडली होती, म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आत भट्टी झालेली. माणसं भराभर उतरली आणि कडेच्या मोठ्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. पश्चिमेकडून काळं आभाळ चढत होतं.

मॅडम दारात उभ्या राहून ओरडल्या, "झाडाखाली थांबू नका! आत या सगळे! वीज पडली तर ह्या गाडीच्या पत्र्यावरून जमिनीत जाते, आत येत न्हाई!"

"बाई, आत जीव घाबरा होऊन राहिलाय," एक म्हातारबाबा म्हणाले.

मॅडम खाली उतरल्या. बाबांचा दंड धरला, एका बाईच्या कडेवरचं पोर स्वतःच्या कडेवर घेतलं, एकेकाला रागावून, ढकलून आत बसवलं. खिडकीच्या लोखंडाला हात लावू नका म्हणून सांगितलं. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटचा माणूस आत आला, तशा त्या स्वतः खाली उतरल्या.

मला वाटलं, कुणी राहिलं असेल. पण त्या रस्त्याकडेची नाली ओलांडून नांगरलेल्या रानात गेल्या. गाडीपासून लांब, झाडांपासून लांब. तिथं दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसल्या, कानांवर हात ठेवले, मान खाली घातली. कडाड्कन वाजलं आणि पाऊस आला.

कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मॅडम! कामून भायेर बसल्याव? सगळ्यायला आत घातलं आन् तुमीच?"

त्यांनी मान वर केली नाही.

माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसली होती. खिडकीतून बघत ती हळूच म्हणाली, "पायाळू दिसती."

"काय?"

"पायाकडून जन्मलेली. अशावर वीज येती म्हनत्यात. माझी जाऊ बी तशीच हाय. आभाळ वाजलं की आपनहून लांब जाती. दुसऱ्याला नको म्हनून."

पाऊस ओसरल्यावर मॅडम आत आल्या. साडीतून पाणी गळत होतं, पायांना चिखल. माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मळमळायलं होतं." चाकूर आलं तेव्हा त्यांनी तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं. त्यांचं गाव तिथून जवळच, पण त्या तिकडे बघतच नव्हत्या.

काही दिवसांनी त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. भर दुपार, आभाळ निरभ्र. त्यांनी स्पीकरचं बटण बंद केलं. ती खोली मी तशी शांत कधी ऐकली नव्हती.

"गाडीत त्या बाईनं तुम्हाला काय सांगितलं असंल ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "खरंय. मी पायाळू."

मग त्यांनी सांगितलं. त्या शाळकरी होत्या तेव्हाची गोष्ट. भाऊ वैजनाथ घरी पाळण्यात. आई, गयाकाकू नावाची चुलती आणि शेजारच्या दोघी अशा रानात मुगाच्या शेंगा तोडत होत्या, नंदाही बरोबर होती. घरी मॅडमना नंदा म्हणायचे. पूर्ण नाव महानंदा. दुपारून ढग आले. बायका बांधावरच्या चिंचेखाली गेल्या.

"गावात सांगतात की बायकांनी मला झाडाखालून हाकललं. पायाळू म्हणून. ते खरं न्हाई." मॅडम टेबलावरचा खडू फिरवत होत्या. "बायका काही बोलल्या न्हाईत. मायच बोलली. 'नंदे, तू तिकडं जा. लांब जा.' मी गेले. पाठ करून मुगात बसले. मग सगळं पांढरं झालं."

चिंचेखालच्या त्या दोघी गेल्या. आई गेली. गयाकाकू वाचली, पण तिचा एक कान कायमचा गेला. वीज नंदाला शोधत आली होती आणि चुकून बाकीच्यांवर पडली, असं गाव म्हणू लागलं. पावसाळ्यात पोरीजवळ कुणी उभं राहीना. शेवटी वडिलांनी तिला लातूरला मामाकडे ठेवलं. त्यानंतर त्या गावी गेल्या त्या फक्त येळवसला. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या त्या अमावास्येला सगळी माणसं रानात जाऊन भज्जी-आंबील खातात. त्या दिवसांत आभाळ स्वच्छ असतं.

"माझ्यावर वीज येत न्हाई हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "ह्या फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण वाजलं की पाय उठतात. वाटतं, मी जवळ बसले तर हे माणूस मरंल."

त्यांनी खडू टेबलावर आडवा ठेवला.

"ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला दुसरंच कळत न्हाई. मायनं मला वाचवायला लांब पाठवलं, का माझ्यापासून बाकीच्यांना वाचवायला?"

"गयाकाकूंना विचारलं नाही कधी?"

"काकूला त्या दिवसाचं काही आठवत न्हाई म्हणतात. मीही विचारलं न्हाई."

त्यांनी बटण दाबलं. पाल पुन्हा बोलायला लागली.

त्यांना हवा होता तो आवाज आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. परतीच्या पावसाचे दिवस. दुपारीच इतकं अंधारून आलं की वर्गात दिवे लावावे लागले. ढग गच्चीवर टेकल्यासारखा खाली उतरला होता. थेंब एकही नव्हता. मी माझ्या खोलीत होते आणि भिंतीपलीकडची चुकचुक दाट होत गेली. टक्, टक् वेगळं कळेनासं झालं. तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. मी धावत लॅबमध्ये गेले. मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. संगणकाच्या पडद्यावरची रेघ चढत होती. आंधळीची रेघ सपाट.

मग खिडकी लख्ख पांढरी झाली. त्याच क्षणी तडतडाट थांबला. हातानं कुणी तोंड दाबावं तसा. पाल पुन्हा आपली पहिल्यासारखी सावकाश बोलू लागली. मागून गडगडाट आला, आणि त्याच्याही मागून पाऊस.

"मॅडम, मिळालं!" मी म्हणाले.

त्या स्टुलावर बसल्या. चेहरा पांढराफटक.

"मायच्या डोक्यावर बी असंच वाजत असंल," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही खाली शेंगा तोडत होतो."

बाहेर पाऊस वाढला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "हे एका वेळेचं झालं. दर विजेच्या आधी असंच होतं असं म्हणता येत न्हाई. पण हे वर सुरू झालं तेव्हा खाली कोण उभं हाय, कोण पायाळू हाय, ढगाला काय ठाव?"

स्फटिक ज्यांनी दिला होता त्यांना मॅडमनी ती नोंद पाठवली. त्यांनी ती तपासून खरी मानली. कॉलेजात पेढे वाटले गेले. मॅडमनी पेढा घेतला आणि तो त्यांच्या टेबलावर दिवसभर तसाच पडून होता. आयुष्यभराची गोष्ट हाती लागलेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या. एक दार उघडलं आणि आत दुसरं बंद दार सापडलं, असं काहीतरी झालं होतं. त्यानंतरही स्टाफरूममध्ये आभाळ गरजलं की त्या उठून जात.

निवृत्तीनंतरच्या भाद्रपदात त्यांचा फोन आला. "भोकरवाल्या, माझ्यासोबत गावाकडं येता का?"

"येळवसला?"

"न्हाई. आत्ता."

चाकूरच्या पुढं फाट्यावर उतरून आम्ही रिक्षानं गेलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं, आभाळात ढगांचे पुंजके. वैजनाथ दारातच भेटले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कपाळ अगदी मॅडमचं. "ये, आक्का," म्हणाले आणि बाजेवर न बसवता आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. पाहुण्यांना देतात तशी.

मॅडमनी त्यांना तो आवाज सांगितला. ढग कसा आधीच उजळतो, वीज कुणाला शोधत नाही, सगळं. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "आता तर मोबाइलवरच येतं, आक्का. वीज पडनार हाय, झाडाखाली थांबू नका म्हनून." मोबाइल खिशात ठेवत त्यांनी विचारलं, "पन तू पावसाळ्यात कदीच आली न्हाईस. मला वाटायचं, तुला आमची भीती वाटती."

"तुमची न्हाई रे," मॅडम म्हणाल्या. "मला तुमच्यासाठी भीती वाटायची."

वैजनाथ उठले आणि पाणी आणायला म्हणून आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

गयाकाकू आतल्या खोलीत बाजेवर पडून होत्या. पार वाळलेल्या, डोळे मात्र जागे. कोणता कान चांगला ते मॅडमना माहीत होतं. त्या बाजूला जाऊन बसल्या. मी दाराशी थांबले. वैजनाथ बाजेच्या पलीकडे उभे राहिले.

"काकू, मी नंदा."

"वळखलं की. पावसाळ्यात आलीस?"

"काकू, त्या दिवशी मायनं मला लांब जा म्हणून सांगितलं. कामून सांगितलं असंल?"

काकू छताकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मग त्या म्हणाल्या, "लांब जा म्हनली खरं. आन् मग तिलाच राहवंना. तुज्याकडंच निघाली होती ती."

"माझ्याकडं?"

"पोत्याची खोळ करून घेतली हातात. पोरगी भिजायली म्हनली. म्या म्हनलं, थांब गं, जरा कमी होऊ दे. न्हाई थांबली. झाडाच्या भायेर पडली ती. तुज्याकडं तोंड करून."

वैजनाथ पलीकडून एकदम म्हणाले, "काकू, तुला तर त्या दिवसाचं कायी आठवत नव्हतं?"

ते बहिऱ्या कानाच्या बाजूला होते. काकूंनी मान वळवली नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी मॅडमकडे बघितलं. आता त्या पुढचं विचारतील. पोतं कुठून आलं, पाऊस किती होता, तुला हे कधीपासून आठवतंय. ज्या बाईनं वर्षानुवर्षं एक आकडा सहजासहजी मान्य केला नाही ती हे असं कसं घेईल? पण त्यांनी काहीच विचारलं नाही. काकूंचा हात हातात घेऊन त्या बसून राहिल्या.

नंतर अंगणात नळावर तोंड धुताना त्या मला म्हणाल्या, "म्हणजे ती बाहेर आली ती माझ्यामुळंच."

"झाडाखालच्याही गेल्याच ना, मॅडम."

"हाव," त्या म्हणाल्या. "त्याही गेल्या." आणि त्यांनी नळ बंद केला.

संध्याकाळच्या आत मला लातूरला पोचायचं होतं. मॅडम म्हणाल्या, मी राहते आज. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, दुपारच्या झोपेतच. मी तेव्हा भोकरला होते, मला उशिरा कळलं. त्यामुळे त्यांचं माझं शेवटचं बघणं ते त्या गावातलंच.

निघताना निरोप घ्यायला मी आतल्या खोलीच्या दारात गेले. त्यांना माझी चाहूल लागली नाही. त्या काकूंच्या कानाशी वाकून विचारत होत्या, "मायचं लुगडं कोणतं होतं गं?"

"हिरवं," काकू म्हणाल्या. मग डोळे मिटून, "न्हाई, जांभळं. पिवळ्या काठाचं."

"आणि बोलायची कशी?"

"मोठ्यानं. पार वेशीपतूर ऐकू जायचं."

वैजनाथ चप्पल उंबऱ्याशी काढून आत आले. त्या माणसाला आई आठवतच नव्हती. पलीकडे न जाता ते बहिणीच्या शेजारी खाली जमिनीवर बसले, आणि काकूंना ऐकू जाईल अशा बेतानं पुढे झुकून त्यांनी विचारलं, "आन् चालायची कशी, काकू?"

काकूंनी पडल्या पडल्याच हात वर केला. दोन बोटं खाली सोडली आणि मॅडमच्या चेहऱ्याच्या दिशेनं, घाईघाईनं, हवेत चालवून दाखवली.